उरलेले तीन तुकडे

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लांबलचक इंग्रजी शब्दांचा तुकडे पाडून फडशा पाडणे, हे माझे काम. घरी शिकवणी घेणाऱ्या बाईंच्या सुतार भावाने मला घडवले. माझ्या खाचेत शब्दाची पट्टी बसते आणि वर एक छोटे लाकडी दार सरकते. दार जितके सरकेल, तितकाच तुकडा दिसतो. मुलाने तो वाचून टेबलावर एक टिचकी मारायची. झाकलेले कुणी ओळखायचे नाही, आणि उघडलेला शब्द अर्धा सोडायचा नाही, हा बाईंचा नियम.

त्या दिवशी पट्टीवर 'रेफ्रिजरेटर' होता. समोर चिमणी नावाची छोटी विद्यार्थिनी बसली होती. लांब शब्द दिसला की या मुलीला घाम फुटे. ती 'रे' म्हणाली, टिचकी मारली. 'फ्रिज' म्हणाली, टिचकी मारली, आणि हात मागे घेतला. "झालं की बाई. आमच्या घरी एवढंच म्हणतात."

बाई खळखळून हसल्या. "मग उरलेल्यानं काय घोडं मारलंय?"

माझ्या दारावर बोट ठेवून त्या वाट पाहत राहिल्या. मग ते बोट जड झाले आणि घसरले. बाईंना दवाखान्यात नेले; तिथून त्या परतल्या नाहीत.

मला तसेच कपाटात ठेवले. दार अर्धे उघडे. तिथल्या अंधारात मला टिचक्या ऐकू येत. दोन, आणि मग शांतता. दारावर बोटाचा भार जाणवे. दमट हवेने मी फुगले, दार घट्ट बसले.

पुढे बाईंची थोरली बहीण खोली रिकामी करायला आली. जुन्या मुलांनी आपापली पुस्तके न्यावीत म्हणून तिने निरोप धाडला होता. चिमणीही आली. आता ती बरीच उंच झाली होती. कपाटातून काढून ठेवलेली मी दिसताच ती खोलीच्या दारातच थबकली.

"मावशी, मी मस्करी केली नसती, पुढचं वाचलं असतं, तर बाई..."

मावशीने सगळे ऐकून घेतले. "तिचं हृदय आधीपासूनच थकलं होतं गं," ती म्हणाली. मग तिने विचारले, "शेवटी ती हसली होती? आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

अडकलेले दार सरकावे म्हणून मावशीने माझ्या खाचेत मेणबत्ती घासली. चिमणीने जोर लावला. दार करकरले. 'अ'. 'रे'. 'टर'. तिने तीन टिचक्या मारल्या.

त्यानंतर अंधारात ऐकू येणाऱ्या त्या दोन टिचक्या थांबल्या. दारावरचा बाईंच्या बोटाचा भार मात्र अजून आहे.

मित्रांनो, कुणी शब्दापाशी अडले, तर पुढचे दार घाईने ओढू नका. बोट ठेवून थांबा. ते बोट फार काळ जाणवत राहते.