डाव्या हाताच्या कळा

सोमवारी सकाळी ताईंनी ऑल्ट आणि क्यू एकत्र दाबलं आणि पडद्यावर काहीच आलं नाही. एरवी या दोन बटणांवर भाडेकराराचा पहिला सबंध परिच्छेद उमटायचा, नावांच्या जागा मोकळ्या सोडून. त्यांनी पुन्हा दाबलं. मग ऑल्ट-डब्ल्यू, ऑल्ट-ए, ऑल्ट-एस. कर्सर आपला जागच्या जागी लुकलुकत राहिला.

ताई त्या वकिलांच्या ऑफिसात एकोणीस वर्षं टायपिंग करत होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्या स्कूटरवरून पडल्या, खांद्यातल्या नसा तुटल्या आणि उजवा हात कायमचा गेला. म्हणजे हात होता, पण तो मांडीवर ठेवायचा आणि उठताना डाव्या हाताने उचलून घ्यायचा, एवढ्यापुरताच. टायपिस्टचा उजवा हात गेला म्हणजे नोकरी संपली, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. ताईंनी धरलं नव्हतं. दोन वर्षं खपून, चुकत-माकत, त्यांनी वर्ड प्रोसेसरमध्ये मॅक्रो, म्हणजे एका दाबात आपोआप चालणाऱ्या आज्ञा, तयार केले. नेहमी लागणारा मजकूर, कलमांचे आकडे, समास, तक्ते, सगळं एकेका शॉर्टकटवर. आणि प्रत्येक शॉर्टकट कीबोर्डच्या डाव्या अर्ध्यात, एका पंजाच्या आवाक्यातला. असे चौसष्ट. त्यांच्या जोरावर ताई दोन हातांच्या टायपिस्टच्या बरोबरीने काम उरकायच्या, कधी कधी पुढेही जायच्या.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला ऑफिसात सगळे 'सिस्टिम' म्हणत, कारण कुठलीही तक्रार नेली की "ते सिस्टिममध्येच तसं आहे" हे त्याचं उत्तर ठरलेलं. ताईंनी बोलावल्यावर तो चहाचा कप हातात घेऊनच आला.

"शनिवारी सगळ्या मशीनवर नवीन व्हर्जन टाकलंय, ताई. सुरक्षेसाठी ज्याचे त्याचे स्वतःचे मॅक्रो बंद केलेत. आता सगळ्यांना फर्मचा एकच साचा."

"मला विचारलं होतं?"

"मेल केला होता की."

"कधी?"

"शनिवारी."

"म्हणजे टाकलंत शनिवारी आणि कळवलंतही शनिवारीच."

सिस्टिमने कप दुसऱ्या हातात घेतला. "नव्या साच्यात सगळं आहे. शॉर्टकटपण दिलेत. दाराशी यादी लावलीये, बघून घ्या."

ताईंनी यादी बघितली. प्रत्येक शॉर्टकटला दोन बोटं डावीकडे आणि एक पार उजव्या टोकाला. त्यांनी टाचण्या काढून ती यादी आणली आणि त्याच्यासमोर धरली.

"यातला एक शॉर्टकट मला एका हाताने दाबून दाखवा."

त्याने यादीकडे पाहिलं, मग ताईंच्या मांडीवरच्या हाताकडे, आणि लगेच नजर काढून घेतली. "होईल हळूहळू सवय."

"कसली सवय होईल? नवीन हात फुटायची?"

शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टने मान खाली घालून टायपिंग सुरू केलं. सिस्टिम "बघतो" म्हणाला आणि गेला. तो बघणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

दुपारपर्यंत ताईंनी एकेक अक्षर शोधत जेमतेम अर्धं मृत्युपत्र टाइप केलं. तीन वाजता धाकट्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. धाकटे साहेब म्हणजे फर्मच्या मालकांचे चिरंजीव. नवीन साच्याचं सगळं त्यांच्याच देखरेखीखाली झालं होतं.

"बसा, ताई. मी काय म्हणतो, तुम्हाला रेकॉर्ड रूमला घेऊ या का? फायलींचं काम. तिथे घाई नाही, तुम्हालाही आराम पडेल."

"मी आराम मागितलाय का, साहेब?"

"तसं नाही. तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय."

"शुक्रवारपर्यंत माझ्या कामाबद्दल काही तक्रार होती?"

"शुक्रवारचं सोडा हो."

"का सोडू? शुक्रवारी मी चालत होते. शनिवारी माझ्या कामात हात घातला तुम्ही लोकांनी, आणि सोमवारी मला आराम देताय."

धाकट्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "बुधवारपर्यंत जमतंय का बघा. नाही तर मग रेकॉर्ड रूम."

घरी ताईंनी नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, जा ना रेकॉर्ड रूमला. किती ओढणार आहेस अजून? माणसाने थोडं घ्यावं जमवून."

ताईंच्या हातात भाजीचा डाव होता. तो त्यांनी पातेल्यात टाकला. "नऊ वर्षं काय केलं मी? जमवूनच घेतलं ना? दोन हातांच्या लोकांनी एकदा तरी जमवून घ्यावं की."

मंगळवारी त्या तासभर आधी ऑफिसला गेल्या. रागात त्यांची रीत अशी, की डोकं तापलं की हात शांत व्हायचा. त्यांनी एकेक करून शोधायला घेतलं. आधी सेटिंग. मॅक्रो नुसते बंद नव्हते, 'सूचना न देता बंद' होते, म्हणजे दार लावून घ्यायचं आणि पाटीही लावायची नाही. तिथे कुलूप मात्र घातलेलं नव्हतं. ताईंनी ते बदलून 'विचारून चालू करा' असं केलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. तरी काही नाही.

मग मॅक्रोंची यादी उघडली तर ती रिकामी. चौसष्टमधला एकही नाही. मॅक्रो ज्या मूळ साच्याच्या फाईलमध्ये राहतात, ती फाईल त्यांनी शोधली. नवीन व्हर्जनने तिथे स्वतःची कोरी फाईल ठेवली होती आणि ताईंची फाईल नावापुढे 'जुनी' जोडून बाजूला टाकली होती. नऊ वर्षांचं काम, आणि त्याला नाव काय दिलं, तर जुनी. त्यांनी दात आवळून ती फाईल परत जागेवर आणली, नाव बदललं, कोरं पान उघडलं आणि ऑल्ट-क्यू दाबलं. भाडेकराराचा परिच्छेद सरसर उमटला.

पण फर्मच्या साच्यावरचं मृत्युपत्र उघडून तेच दाबलं, तर पानाभोवती नक्षीदार चौकट आली. ऑल्ट-डब्ल्यू दाबलं तर पानाचा रंग बदलला. म्हणजे कोऱ्या पानावर चालतंय आणि फर्मच्या कागदावर नाही. ताई दोन मिनिटं विचार करत बसल्या. कागदाला जो साचा जोडलेला असतो, त्याचे शॉर्टकट आधी चालतात, आपले नंतर. फर्मच्या साच्याने त्याच बटणांना दुसरी कामं लावली होती, तीही अशी की कोणाला कधी लागणार नाहीत. ती काढायची तर साचा आतून उघडायला हवा. त्यांनी त्याची एक प्रत काढली आणि उघडली. त्यालाही पासवर्ड नव्हता.

आत मॅक्रोंच्या ओळी होत्या. वर सिस्टिमचं नाव, 'रचना व विकास' असं लिहून. ताई खाली सरकत गेल्या. तिसऱ्या पानावर मॅक्रोच्या मधोमध एक टीप होती. अशा टिपा प्रोग्राम वाचत नाही, लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेल्या असतात. ती अशी होती: 'इथे कलमाचा आकडा चुकतोय. खांदा फार ठणकतोय. उद्या बघू.'

ताईंनी ती तीनदा वाचली. ती रात्र त्यांना आठवत नव्हती, अशा कितीतरी होऊन गेल्या होत्या. पण ओळ त्यांचीच होती. पुढे मोजत गेल्या. एकसष्ट मॅक्रो जसेच्या तसे, काना-मात्रा न बदलता. बदललं होतं ते फक्त वरचं नाव आणि बटणं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते ताईंना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. अपघात झाला तेव्हाही त्यांना इतका राग आला नव्हता. तेव्हा चिडायला समोर कोणी माणूस नव्हता.

बुधवारी मोठे साहेब, म्हणजे फर्मचे मालक, ऑफिसला येत. ताईंनी धाकट्या साहेबांच्या केबिनकडे पाहिलंही नाही, सरळ मोठ्या साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, माझ्या टेबलापाशी या. दाखवायचं आहे."

"इथेच सांगा ना."

"सांगून होणार नाही. बघावं लागेल."

मोठे साहेब काठी टेकत आले. मागोमाग धाकटे साहेब आले, सिस्टिमही आला. ताईंनी ती टीप पडद्यावर ठेवली होती. मोठ्या साहेबांनी चष्मा वर करून वाचलं आणि सिस्टिमला विचारलं, "तुमचा खांदा दुखतो का?"

सिस्टिम म्हणाला, "सर, फर्मच्या मशीनवर होतं ते. म्हणजे फर्मचंच झालं ना."

"फर्मचं असू दे," ताई म्हणाल्या. "मग वर फर्मचं नाव का नाही घातलंत? आणि माझं मला वापरता येऊ नये, अशी बटणं का लावलीत?"

"ते मुद्दाम नव्हतं केलं. माझ्या हाताला सोयीची लावली."

"तेच म्हणतेय मी."

"एकूण किती आहेत हे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"चौसष्ट. यांनी एकसष्ट घेतलेत. उरलेले तीन कळले नसावेत."

शेजारची टायपिस्ट हसली आणि खोकल्याचं सोंग केलं. धाकटे साहेब मध्ये पडले. "गैरसमज झालाय थोडा, बाबा. मलाही माहीत नव्हतं."

"गैरसमज नाही झाला, साहेब. समजून-उमजून झालंय. आणि त्यावर मला रेकॉर्ड रूमला पाठवत होतात."

मोठे साहेब मुलाकडे वळले. धाकट्या साहेबांचे कान लाल झाले. मग मोठ्या साहेबांनी तिथेच उभं राहून सांगितलं: डावीकडचे शॉर्टकट आज संध्याकाळच्या आत साच्यात परत लागले पाहिजेत, ज्यांना दोन्ही हातांचे हवेत त्यांच्यासाठी ते वेगळे राहू देत, आणि वर नाव ताईंचं.

"हे लेखी द्या, साहेब," ताई म्हणाल्या.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. पण तुम्ही फक्त बुधवारी असता."

मोठ्या साहेबांनी कागद मागवला आणि लिहून दिलं.

संध्याकाळी साचा बदलून झाल्यावर सिस्टिम टेबलाशी आला आणि कीबोर्डकडे बघत "सॉरी, ताई" म्हणाला. अशा वेळी त्या ऑफिसात "असू द्या हो" म्हणायची पद्धत होती. ताईंनी म्हटलं नाही. त्या टाइप करत राहिल्या.

शुक्रवारी तो पुन्हा आला. बाकीच्या मशीनवर परिशिष्टाच्या तक्त्यातले आकडे चुकत होते आणि दोन दिवस झगडूनही त्याला ते सापडलं नव्हतं. ताईंनी पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बसा."

पाऊण तास त्यांनी एकेक ओळ समजावली. आवाज चढवला नाही, एकदाही हसल्या नाहीत. तो निमूटपणे लिहून घेत होता. शेवटी पेन थांबवून त्याने विचारलं, "ताई, तुम्ही अजून रागावलाय का माझ्यावर?"

"हो," ताई म्हणाल्या. "आता तिसरी ओळ बघा. आकडा तिथे वाढतो."