जमिनीचं शिंग

अक्सीन्या खोदायच्या यंत्रासमोर चिखलात फतकल मारून बसली.

"आधी मला उचल, मग खण."

यंत्रावर तिचा धाकटा भाऊ सावेली होता. त्याने कपाळाला हात लावला. "ताई, तीन दिवस झाले. पोरगं गेलं गं."

"तू आत जाऊन बघून आलास?"

नदीकाठची ही दरड कोसळली तेव्हा तिचा मुलगा प्रोन्या खाली जमिनीत गाडलेल्या प्राचीन हत्तीचा सुळा उपसत होता. तोही शाळेच्या पोरांसाठी! त्याची बायको उल्याना शाळेत इंग्रजी शिकवायची. मे महिन्यात तिने फळ्यावर 'मॅमथ' लिहिलं. इंग्रजीत काहीही अवाढव्य असलं, जहाज असो की इमारत, त्याला हेच म्हणतात. आणि शब्द मुळात आपल्या उत्तरेकडच्या मान्सी लोकांच्या बोलीतला असावा म्हणे: जमिनीचं शिंग. पोरांनी विचारलं, केवढं असतं? तिने घरी हसत हसत सांगितलं, आणि प्रोन्या म्हणाला, आणून दाखवतो. झालं. तीन दिवस उल्याना स्वतःलाच दोष देत होती.

"आई, बाजूला व्हा हो," उल्याना सासूला म्हणाली. "एकदा त्याचं तोंड बघू द्या. एकदाच."

"पोरांना अर्धंच कशाला शिकवलंस?" म्हातारीचा आवाज चिरकला. "ते जनावर जमिनीखाली जिवंत असतं. कूस बदलतं, म्हणून दरडी पडतात. उजेड लागला की मरतं. आत आहे तोवर माझा प्रोन्या आहे."

सावेलीने यंत्र बंद केलं. "बरं बाई, अंधार पडल्यावर खणू."

"जूनमध्ये इथं रात्रभर उजेड, कुठला अंधार, मामा?" उल्याना रडतच ओरडली. "ऑगस्टपर्यंत थांबायचं?"

"थांबू," अक्सीन्या म्हणाली. "मला कुठं जायचंय?"

उल्याना खांद्यावरची लोकरी शाल काढून सासूशेजारी चिखलातच बसली.

"मी झाकते त्याला. उजेड लागायच्या आत."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, आणि 'मला उठव' म्हणून हात पुढे केला.

सावेलीने फावडं घेतलं. दुपारी बूट दिसला, मग बाही. त्याने फावडं टाकलं आणि तो हातांनी माती सारू लागला.

"आता," अक्सीन्या म्हणाली.

उल्याना गुडघ्यांवर बसली. डोळे घट्ट मिटून, चाचपत चाचपत तिने शाल त्याच्या डोक्यावर ओढली आणि कडा नीट खोचल्या.

"झाकलं, आई," ती म्हणाली. "मी नाही बघितलं."