रिबेकाने चूल दिली

न्यागोआ सहा दिवस पाणथळीतून चालत, उपाशी पोरांना पेज देणाऱ्या आमच्या तंबूत आली. तिच्या पोरीच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली तर ती थेट लालवर, म्हणजे उपासमार जिवावर बेतलेली. चुलीवर पेजेचं पाणी नुकतं कोमट होत होतं, म्हणून मी आधी साखरपाण्याचा मग पुढे केला. पोरीने हात लांबवला, आणि आईने तिच्या तोंडावर आपला तळवा दाबून धरला.

"हिचं डोकं फिरलंय का?" मार्गितबाई ओरडल्या. बाई लांबच्या थंड देशातल्या नर्स. दोन वर्षांत त्या आमच्या भाषेत भांडण्यात तरबेज झाल्या होत्या.

मला कारण लगेच कळलं. तंबूच्या पलीकडच्या टोकाला रिबेका बसली होती, आपल्या पोराला, दुओपला, मांडीवर घेऊन. तिच्या भावाने न्यागोआच्या नवऱ्याला मारलं होतं. ज्या दोन घरांत असं रक्त सांडतं, त्यांनी एका भांड्यातलं खायचं-प्यायचं नसतं. खाल्लं तर मरण येतं. भरपाईची गुरं पोचली, बैल कापून मिटवलं, की मग खुशाल एकत्र जेवा. पण गुरं सैनिकांनी हाकून नेली होती. मिटवणार कशाने?

"कोठीत नवं भांडं आहे, मगही आहेत," मी बाईंना म्हटलं. "हिचं वेगळं शिजवते."

"अजिबात नाही. एक रांग, एक भांडं. नदीपलीकडच्या केंद्रात वेगळं शिजवलं, तर दुसऱ्या घराण्याचे पुरुष म्हणाले, तुम्ही त्यांच्या बाजूचे. तंबू जाळला. आता तिथे कोणालाच पेज मिळत नाही, ताबिथा. आणि बाहेर बघ कोण बसलंय."

बाहेर झाडाखाली रिबेकाचा चुलतभाऊ तुत बसला होता, मांडीवर बंदूक घेऊन. मला बाईंचा राग आला, आणि त्या खरं बोलत होत्या याचा त्याहून जास्त राग आला.

"नाकातून नळी घालून पाजू," बाई म्हणाल्या. "पोरीला धर."

"नाकातून घातलं म्हणून भांडं बदलतं का, बाई?"

तेवढ्यात न्यागोआ पोरीला खांद्यावर टाकून उठली. पोरीची मान लुळी पडली होती. दिवस मावळेपर्यंतही ती टिकणार नाही, हे मला आणि बाईंना दिसत होतं.

"ताबिथा," रिबेका बोलली. तिने मान वळवली नाही. "तिला सांग, बस म्हणून."

न्यागोआ दहा पावलांवर होती, तरी तीही माझ्याशीच बोलली. "हिला विचार, मला बस म्हणणारी ही कोण?"

"कोणी नाही, म्हणावं," रिबेका म्हणाली. "पण चुलीत लाकडं एकाच भांड्यापुरती आहेत. माझं उतरव आणि तिचं नवं चढव."

लाकडाला गेलेल्या बाया उन्हं कलल्याशिवाय परतणार नव्हत्या. "आणि दुओप?" मी विचारलं. त्याचीही पट्टी कालच लालवर आली होती.

"त्याला उशीर सोसणार नाही," बाई घाईघाईने म्हणाल्या. "रिबेका, ऐक माझं."

रिबेकाने ऐकलं नाही. दुओपला माझ्या हातात दिलं, लुगड्याच्या टोकाने ते मोठं भांडं धरलं, स्वतः उतरवलं आणि बाहेर नेऊन तुतच्या पुढ्यात ठेवलं.

"चूल मी दिलीय, तंबूवाल्यांनी नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "कोणी विचारलं तर माझं नाव सांग. आणि ऊठ, लाकडं घेऊन ये."

"लाकडं आणणं बायकांचं काम आहे."

"आणि माझं पोर उपाशी ठेवणं कोणाचं? बसून बसून बंदुकीला वाळवी लागेल तुझ्या."

तुत उठला. मग तंबूत पेजेची वाट पाहत बसलेल्या तिच्या घराण्याच्या नऊ बायाही एकेक करून बाहेर निघाल्या, आपापली पोरं उचलून, आणि त्या थंड भांड्याभोवती उन्हात बसल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी पेज वाटतेय, देणारी मीच असं समजत होते. बाईंनीच जाऊन कोठीचं कुलूप काढलं.

नव्या भांड्यात पेज शिजली, पोरगी प्यायली. आधी घोटभर, मग अर्धा मग. न्यागोआने आभार मानले नाहीत. "हिला सांग," ती म्हणाली, "रक्त मी विसरणार नाही."

मी बाहेर गेले. रिबेका दुओपच्या तोंडावर तळव्याची सावली धरून बसली होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी निरोप सांगितला.

"विसरू नको म्हणावं. मी कुठे सांगितलं विसरायला?"

दूर गवतातून तुत येताना दिसला. एका खांद्यावर बंदूक, डोक्यावर लाकडांचा भारा. बायांनी हसू दाबलं. रिबेका हसली नाही. तिने माझं मनगट धरलं.

"ती प्यायली ना?"

"प्यायली."

"मग आता माझी चूल पेटव, ताबिथा. लवकर."