वर्कशॉपची पाटी

हॉस्पिटलमध्ये त्याला सगळे लिफ्टमास्तर म्हणत. तिथल्या सहा लिफ्टची देखभाल बारा वर्षं त्याच्याकडे होती. दर तीन वर्षांनी निविदा भरायची, मिळाली की पुन्हा कामाला लागायचं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घर झोपण्यापुरतं उरलं होतं आणि गच्चीवरच्या मशीनरूममध्येच त्याचा जीव रमायचा. मोटारीच्या घरघरीत डबा खाताना निदान समोर कोणीतरी बोलतंय असं वाटायचं.

यंदा पत्र आलं ते नकाराचं. काम दुसऱ्या कंपनीला मंजूर झालं होतं. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘हरकत असल्यास दहा दिवसांत लेखी कळवावी.’ अशी ओळ छापायची असते म्हणून छापतात, तिच्याकडे कोणी बघत नाही. मास्तरने बघितलं.

खरेदी विभागात जाऊन त्याने अर्ज दिला आणि त्या कंपनीची कागदपत्रं बघायला मागितली. तिथला कारकून एरवी ‘या मास्तर, टेका जरा’ म्हणणारा. त्या दिवशी फाईल टेबलावर ठेवून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“नियम आहे म्हणून दाखवतोय,” तो म्हणाला. “माझं नाव कुठे घेऊ नका म्हणजे झालं.”

कंपनीचा दर कमी होता, त्याला इलाज नव्हता. पण निविदेत एक अट होती. शहरात तीन वर्षं चालू असलेलं स्वतःचं वर्कशॉप हवं, आणि त्यात चार कारागीर. लिफ्ट अडकली तर अर्ध्या तासात माणूस पोचला पाहिजे, म्हणून ती अट. कंपनीने पत्ता दिला होता. शहरातलं लिफ्टचं एकूण एक वर्कशॉप मास्तरला पाठ होतं. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

त्याने बहिणीला फोन केला.

“पाण्यात राहून माशाशी वैर कशाला रे?” ती म्हणाली. “लहानसहान कामं घे. आता काय विशीत आहेस का?”

“ताई, त्या लिफ्टमधून स्ट्रेचर जातात.”

“मग त्याची काळजी तुला एकट्यालाच का?”

तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि ताईने घाईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो त्या पत्त्यावर गेला. तिसरा मजला, आणि इमारतीला लिफ्टच नव्हती. याचं त्याला हसू आलं, पण हसायला सोबत कोणी नव्हतं. दारावर कंपनीच्या नावाची चकचकीत पाटी होती, खाली ‘वर्कशॉप’. त्याने पाटीचा फोटो काढला आणि बेल वाजवली.

दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या एका बाईंनी. त्याने ‘लिफ्टचं काम करतो’ म्हणताच त्यांचा चेहरा खुलला.

“माझ्या मुलाचे मित्र का? या ना, आत या.”

मास्तरने नाहीही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. आत एक खाट, एक कपाट, एक खुर्ची. खुर्ची त्याला देऊन त्या खाटेवर बसल्या. मग उठून चहा करून आणला. बोलायला माणूस मिळाल्यावर त्यांना थांबवेना.

“तो त्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आधी वर्ष-वर्ष फिरकायचा नाही हो. गेल्या वर्षी ही पाटी लावून गेला. आता कंपनीची पत्रं येतात, ती न्यायला दर रविवारी येतो. अर्धा तास का होईना, बसतो.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्या पाटीचे फार उपकार झाले बघा.”

मास्तरने कप खाली ठेवला. निघताना ‘मी मित्र नाही’ हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले.

दोन दिवस त्याने हरकतीचा कागद लिहिला आणि फाडला. निविदा हुकलेल्या आणखी दोघांनी सही करतो म्हटलं होतं. आयत्या वेळी दोघांनीही कानांवर हात ठेवले. नवव्या दिवशी त्याने एकट्याच्या सहीने कागद दिला, फोटोसकट.

सुनावणीला कंपनीचा वकील आला होता. “पाटी आहे, पत्ता आहे, अजून काय हवं?” तो म्हणाला. तपास अधिकारी बाई कमी बोलणाऱ्या होत्या. “जागा बघू,” एवढंच म्हणून त्या उठल्या.

म्हणून मास्तरला पुन्हा ते तीन जिने चढावे लागले. म्हाताऱ्या बाईंनी त्याला ओळखलं, हसल्याही. मग मागून वकील आणि अधिकारी आले तसं त्यांचं हसू मावळलं.

“इथे वर्कशॉप चालतं का?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“हो,” त्या म्हणाल्या. पढवलेलं असावं. “चार माणसं येतात कामाला.”

“रोज?”

“रोज.”

“बसतात कुठे?”

म्हाताऱ्या बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि एकुलत्या एका खुर्चीकडे बोट दाखवलं. अधिकारी बाई मास्तरकडे वळल्या. “तुम्हाला काय म्हणायचंय?”

“मावशी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, “त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं, इथे फक्त पत्रं येतात.”

त्यांनी मान खाली घातली. “येतात पत्रं,” त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांत मंजुरी रद्द झाली. दरात दुसरा क्रमांक मास्तरचा होता, तेव्हा काम त्याच्याकडे आलं. कारकुनाने आदेश हातात दिला, हळूच ‘अभिनंदन’ म्हणाला, पण बसा म्हणाला नाही. जिंकल्याचं सांगायला मास्तरने फोन काढला, नावं वरखाली केली आणि तो परत खिशात टाकला.

महिनाभराने तो तिसऱ्यांदा त्या दारात उभा राहिला. पाटी नव्हती, चार स्क्रूंची भोकं तेवढी होती. बाईंनी घाईघाईने दार उघडलं आणि त्याला बघून दारातच थांबल्या.

“तुम्ही होय.”

“मावशी, मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मुलगा येतो का?”

“त्याची नोकरी गेली. माझ्यामुळे गेली म्हणतो.” त्यांनी पदर सारखा केला. “आयुष्यात एकदाच त्याच्यासाठी खोटं बोलले, तेही धड जमलं नाही.”

“चूक तुमची नव्हती.”

“तुमचीही नव्हती. ते कळतं मला.” त्यांनी दाराची कड घट्ट धरली होती. “पण तुम्हाला बघितलं की तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. परत येऊ नका, बाबा.”

“बरं,” तो म्हणाला.

दार सावकाश लागलं. आत त्यांची पावलं खाटेपर्यंत गेली आणि थांबली. मास्तर तिथेच उभा होता. वरच्या मजल्यावरून कोणीतरी पिशव्या घेऊन उतरलं, त्याला वाट देण्यासाठी तो भिंतीला टेकला. मग कठड्याला धरत, एकेक पायरी करत खाली आला.