अक्कानं सांगितलेले शेवट

"ओ बाई, लेकराला भाईर घिऊन जावा की! काय बी ऐकू यीना झालंय."

मागच्या बाकावरच्या बाईचं काही चुकत नव्हतं. नीलूनं असा सूर लावला होता, की पडद्यावरची बाई कशासाठी रडते आहे तेच समजेना. मी तिला पदराखाली घेऊन पाहिलं, पालथी घालून पाठ थोपटली. शेवटी उठले. अक्कानं पडद्यावरची नजर न काढता पाय आखडून मला वाट दिली आणि कुजबुजली, "जा तू, वैनी. शेवट मी सांगते की."

त्या उन्हाळ्यात आम्ही पुष्कळ सिनेमे पाहिले. शेवट मात्र मी एकाचाही पाहिला नाही. सात महिन्यांच्या नीलूला काय समजत होतं कोण जाणे. इंटरव्हलपर्यंत ती निवांत झोपायची आणि गोष्टीचा गुंता सुटायला आला की जागी व्हायची.

बाहेर पायऱ्यांवर सावली होती, पण भिंत भाजत होती. मी नीलूच्या टाळूवर ओला रुमाल धरला. तिचं अंग उन्हानं गरम लागतंय की आतूनच गरम आहे, हे मला कधीच ठरवता यायचं नाही. आतल्या मारामारीच्या आवाजानं एवढ्याशा कानांचं काही बिघडत तर नसेल? गर्दीत गोवराचं पोर कुणी आणलं असेल तर? दारावरचा तिकिटं फाडणारा म्हातारा माझी घालमेल बघायचा आणि दर खेपेला तेच म्हणायचा, "रोने देव बाई. गला खुलता बच्चे का."

खेळ सुटला. बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. त्यांच्यात अक्का कोरड्या डोळ्यांनी आली, नीलूला माझ्याकडून घेतलं आणि चालू लागली.

"काय झालं मग?" मी विचारलं. "ती नर्स झाली, आणि नवरा पाय मोडून त्याच दवाखान्यात आला, इथपर्यंत मी पाहिलं."

"मग काय," अक्का म्हणाली, "तिनं त्याला वळखलं. त्यानं बी वळखलं. म्हन्ला, चूक झाली, घरला चल."

"मग?"

"तिनं पट्टी बांधली. नीट, घट्ट. आन म्हन्ली, आठ दिस पाय हलवू नगा. आन फुडल्या खाटंकडं गेली."

"बस्स?"

"बस्स की. लाइटी लागल्या."

मी चकित झाले. कॉलेजात असताना आम्ही सिनेमांवर तावातावानं बोलायचो की हे सगळे एका साच्याचे. आणि आता हिंदी सिनेमा एवढा पुढे गेला, आणि मला पत्ताच नाही!

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, दाक्षायणी. लग्न होऊन मैंदर्गीला दिली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं, चनबसप्पानं, दुसरी केली आणि हिला 'थोडे दिवस' म्हणून भवानी पेठेत आईकडे आणून सोडलं. त्या थोड्या दिवसांना चार वर्षं होत आली होती. अंगणाच्या कोपऱ्यात राट, म्हणजे चरखा, मांडून ती विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायची. शेजारी मागांची खडखड आणि इकडे हिच्या राटाची घरघर. संध्याकाळी रेडिओवर गाणी लागली की ती राट गाण्याच्या तालावर आणायची. गाणं संथ असलं की सूतही संथ. सिनेमाची तिकिटं ती स्वतःच्या कमाईतून काढायची.

तिला एकटीला सिनेमाला सोडणं बरं दिसत नाही, असं सासूबाईंचं, म्हणजे सुंदरम्मांचं मत. म्हणून सोबतीला मी. मला नीलूला सोडवत नाही, म्हणून नीलू. अशी ती आमची वरात.

पुढच्या सिनेमात नवरा शहरातून दुसरी बायको घेऊन येतो. मी बाहेर पडले तेव्हा पहिली दारात उभी होती आणि तो उंबऱ्यापाशी येऊन म्हणत होता, तुझ्याशिवाय घर घर नाही.

"तिनं त्याला तांब्याभर पानी दिलं," अक्कानं वाटेत सांगितलं. "तो प्याला. तिनं तांब्या मागून घेतला. आन म्हन्ली, उन्हं उतरल्यावर जावा, आता ऊन लई हाय."

"आणि दुसरी बायको?"

"तिला बी दिलं की पानी. ती काय करणार बिचारी."

त्या रात्री जेवताना मी हे आमच्या घरात सांगितलं. हे, म्हणजे माझे यजमान सोमलिंग, सुताच्या पेढीवर कामाला होते. मित्रांबरोबर त्यांनीही तोच सिनेमा पाहिला होता. ते घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले.

"कुठला पिक्चर बघितलीस तू? अगं, ती त्याच्या पायावर पडते. तो तिला उठवतो. मग तिघं एका बैलगाडीतनं जातात. गाणं पण आहे की त्यावर!"

"चेष्टा पुरे."

"शपथ! शेजारच्या बाकावरचा पैलवानगडी रडत होता."

मी अक्काकडे पाहिलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं ऐकलं होतं की नाही, सांगता येणार नाही. माझा गोंधळ झाला. हे थापाडे आहेत, ते मला लग्नाआधीपासून माहीत. पण बैलगाडीवरचं गाणं थापेत कसं येईल? ते गाणं तर मीही रेडिओवर ऐकलं होतं. मग वाटलं, दुपारच्या खेळाला रीळ कापत असतील. किंवा अक्काला हिंदी नीट समजत नसेल. पण पेठेतल्या दख्खनी बोलणाऱ्या बायकांशी ती तासन्‌तास गप्पा मारायची. विचारावं तर काय विचारावं? तुम्ही खोटं सांगता का, असं थोरल्या नणंदेला विचारायचं? आणि खोटं सांगायचं तर ते एवढं साधं कोण सांगतं? तांब्या मागून घेतला म्हणे.

मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, नीलू पुन्हा रडली, अक्कानं पुन्हा शेवट सांगितला. त्यातलीही बाई नवऱ्याबरोबर गेली नाही.

मे महिन्यात एका सकाळी चनबसप्पा आला.

पांढरं धोतर, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी. सासूबाईंची धांदल उडाली. "बर्री, बर्री," असं कन्नडमध्ये या-या म्हणत त्यांनी घोंगडी अंथरली. मी पाणी आणून दिलं. तो माणूस वाईट दिसत नव्हता, हे मला सांगायला हवं. मी त्याच्यासाठी वाईट चेहरा मनात तयार ठेवला होता. तो या चेहऱ्याला बसेना. त्यानं नीलूला मांडीवर घेतलं, तर ती हसली.

"धाकटीला मूल झालंय," तो सासूबाईंना म्हणाला. "पोरगा. पन ती अजून उठंना. आमची म्हातारी बी अंथरुणाला खिळलीय. घर उघडं पडलंय बघा. म्हटलं, दाक्षाला न्यावं. घर तिचंच हाय की."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पेढीवर जायला निघालेले हे दारातच थांबले होते. "संध्याकाळच्या एस. टी.नं निघा मग," एवढं बोलून त्यांनी चप्पल घातली. अक्का राटावर होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मला वाटतं, विचारायचं असतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"तुमच्याकडं करमणूक काय न्हाय म्हणतात," सासूबाई काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या. "हिला पिक्चरचा लई नाद."

"न्हाय कशी?" चनबसप्पा खुलला. "पल्याडच्या गावात, कर्नाटकात, सरकारनं टीव्ही बसवलाय. चावडीत. मी सायकलवरनं जाऊन बघून आलो. खोक्यात मान्सं बोलत्यात, कन्नड! फुकट हाय समदं."

"त्यात काय दावत्यात?" अक्कानं विचारलं. तो आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"दावत्यात की. जोंधळ्यावरची कीड. लेकराला लस कवा टोचायची. नाच बी असतोय."

"आन गोष्ट?"

"गोष्ट बी असती. पन शेवटापतुर कोन बसतंय? डास लई."

अक्का हसली. राट थांबवून म्हणाली, "मग दुपारचा खेळ बघूनच निघू."

"आज कसला गं पिक्चर!" सासूबाई ओरडल्या.

"बघू द्या की," चनबसप्पा उदारपणे म्हणाला. "तिकिटं मी काढतो."

मी स्वयंपाकघरात अक्काला एकटी गाठली. "अक्का, तुम्हाला जायचंय का?"

"नीलूचं दुपटं घे जास्तीचं," ती म्हणाली. "आज ऊन लई हाय."

हे उत्तर होतं की नव्हतं, हे मला थिएटर आलं तरी कळलं नाही.

चनबसप्पा पुरुषांच्या बाजूला बसला, आम्ही बायकांच्या. गोष्ट नेहमीचीच. सासरहून हाकललेली बाई शिवणकाम करून भावाकडे राहते. इंटरव्हलमध्ये चनबसप्पानं आमच्यासाठी बर्फाचे गोळे पाठवले. नीलूला कुणी बर्फ चाटवू नये म्हणून मी तिला छातीशी घट्ट धरून बसले. इंटरव्हलनंतर नवऱ्याचं दिवाळं निघालं. तो त्या बाईच्या दाराकडे चालू लागला, आणि नीलूनं ठरल्याप्रमाणे सूर लावला.

मी उठणार, तोच अक्कानं तिला माझ्याकडून काढून घेतलं.

"तू बस. आज मी जाते."

"अहो, पण तुम्हाला शेवट..."

"बस म्हन्ते न्हवं."

ती अंधारातून वाकून निघून गेली. नीलू माझ्याशिवाय किती वेळ राहील, हा विचार एकीकडे. आणि दुसरीकडे पडद्यावर तो दार वाजवत होता. मी पहिल्यांदा शेवट पाहिला. तिनं दार उघडलं. तो बोलला, खूप बोलला. ती आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली. ती कुंकवाची डबी घेऊन आली आणि त्याच्या पायाशी बसली. सनई लागली. माझ्या आजूबाजूच्या सगळ्या बायका रडत होत्या. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मला स्वतःचा राग आला. राग आला तरी पाणी थांबेना.

ह्यांनी सांगितलेलं खरं होतं. रीळबीळ कुणी कापत नव्हतं. तांब्या, पट्टी, उन्हं उतरल्यावर जावा, हे सगळं अक्काचं होतं. चार वर्षं ती राटावर बसून काय कातत होती, ते मला तेव्हा दिसलं.

मी धावत बाहेर आले. पायरीवर नीलू अक्काच्या खांद्यावर झोपलेली. मी आधी तिच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास नीट चालू होता.

"काय झालं शेवटाला?" अक्कानं विचारलं.

समोरच्या पुरुषांच्या दारातून चनबसप्पा बाहेर पडत होता. उपरण्यानं डोळे पुसत. मला पाहून तो लांबूनच म्हणाला, "लई ग्वाड पिक्चर!"

मला उत्तर द्यायचं होतं, आणि ते तो येऊन पोचण्याआधी. खरं सांगितलं तर? खरं ऐकून ती आज त्याच एस. टी.त बसली तर? आणि खोटं सांगितलं, ती राहिली, आणि उद्या सासूबाईंनी, ह्यांनी, सगळ्या पेठेनं तिला बोल लावला तर मी पुरी पडणार आहे का?

"ती नाही गेली," मी म्हणाले.

"व्हय?"

"हो. दारात उभी राहिली. तो म्हणाला, चल. तर ती म्हणाली..."

"काय म्हन्ली?"

मला वाक्य सुचेना. तांब्या दिला म्हणावं, तर तो आधीच्यात होता. अक्का माझ्याकडे बघत होती, शांतपणे, जणू तिला खरोखरच ऐकायचं आहे. तिला सगळं कळलं होतं, असं मला वाटलं. पुढच्याच क्षणी वाटलं, काहीच कळलं नाही.

"नीट ऐकू नाही आलं," मी म्हणाले. "बायका रडत होत्या."

"आसू दे."

तिनं नीलूला अलगद माझ्या हातात दिलं, पदर सारखा केला आणि वळली. चनबसप्पा येऊन पोचला होता.

"चला," तो म्हणाला. "घरला जाऊन सामान घिऊ."

"ब्याड," अक्का कन्नडमध्ये म्हणाली. नको.

तो थबकला. "काय ब्याड?"

"मी येत न्हाय. धाकटीला डिंकाचे लाडू द्या करून, उठंल ती. म्हातारीला कूस बदलत ऱ्हावा, पाठ सोलती न्हाय तर. तुमी हितनंच जावा स्टँडवर. घरला आलासा तर आई रडंल, सोमू वरडंल, आन तुमची यष्टी चुकंल."

"दाक्षा, मी पुन्यांदा येनार न्हाय, सांगून ठेवतो."

"व्हय."

बायकांचा लोंढा आमच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. तो ओरडेल म्हणून मी नीलूचे कान झाकले. तो ओरडला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी तरी सांगा की वैनी." मी मान खाली घातली. मग तो गेला. धोतराचा सोगा हातात धरून, एकदाही मागं न बघता. आणि मला त्या माणसाची कीव का आली, हेही मला समजलं नाही.

वाटभर मी बोलले ते उन्हाबद्दल.

घरी सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. मागच्या भिंतीशी अक्काची ट्रंक बांधून तयार. तिच्यावर फडक्यात गाठोडं. प्रवासाची शिदोरी. त्यांनी आमच्या मागं रस्त्यावर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गेला?"

"गेला."

सासूबाई आता रडतील, आता कपाळ बडवतील, म्हणून मी नीलूला घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. त्या उठल्या, गुडघे धरत. गाठोडं उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि जमिनीवर सोडलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दोन कांदे. दोघांपुरतं.

"हात धू," त्या अक्काला म्हणाल्या. "सकाळधरनं जेवली न्हाईस."

अक्का पाटावर बसली. सासूबाईंनी भाकरी मोडली. मोडताना ती कडकन वाजली आणि झोपेतली नीलू दचकली. त्यांनी चटणीत तेलाची धार धरली, ती नेहमीपेक्षा जास्त झाली. अक्का म्हणाली, "पुरे, आई." सासूबाईंनी ऐकलं नाही.