कंगव्यातले केस

धाकटी जेवायला बसली की ताटातलं नुसतं चिवडत राहायची. "नखरे आहेत सगळे. पोटात कावळे ओरडले की येईल ताळ्यावर," असं तिचे बाबा म्हणायचे. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. एका रविवारी त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि कंगवा फिरवला, तर केसांचा पुंजकाच हातात आला.

"बाळा, खरं सांग. तुला भूकच लागत नाही का?"

"लागते बाबा, खूप लागते," ती आरशाकडे न बघता म्हणाली. "पण घास उचलला की आतून कोणीतरी ओरडतं, जाडी होशील म्हणून. खाल्लं तर दिवसभर चोरी केल्यासारखं वाटतं."

बाबांनी कात्री खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ते तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "बरा होतो, पण वेळ घेतो. तिच्या घासांवर नजर ठेवू नका, फक्त सोबत जेवा."

त्या दुपारी धाकटी डोळे पुसत चार घास जेवली. 'अजून एक घे' हे बाबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी तिथेच गिळलं आणि तिच्याकडे पाण्याचा पेला सरकवला.