शेजारणीच्या दारातला शेरू

नारायणगुड्यातल्या वत्सलाबाईंनी शेरूला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. पण शेजारी पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीतलं बिऱ्हाड आलं, आणि तो दिवसभर त्यांच्याच दारात पडून राहू लागला. बाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी उन्हातून धावत आलेल्या शेरूनं शेजारच्या उर्मिलानं ठेवलेलं फ्रिजचं पाणी घटाघटा संपवलं आणि लगेच सगळं ओकून टाकलं.

"काकू, ह्याला काय झालं हो?" उर्मिला रडकुंडीला आली.

बाईंना आधी बरंच वाटलं. मग त्या म्हणाल्या, "काही नाही. भसाभसा प्यायला की असंच होतं. हल्लू हल्लू पाजायचं." त्यांनी ओंजळीतून त्याला घोटघोट पाणी दिलं.

शेरू सावरला, उठला आणि उर्मिलाच्या पायाशी जाऊन झोपला. बाईंनी घरी येऊन दार जरा जोरातच लावलं.